विश्लेषण : गहू धुतल्याने सेलेनियम का जात नाही? यीस्टने दाखवलेली मुळांची ‘दारे’

बुलढाणा जिल्ह्यात घाटाखालच्या शेगाव तालुक्यात डिसेंबर २०२४ ते जानेवारी २०२५ या काळात अनेकांचे केस झपाट्याने गळाले. पुढे काहींची नखेही गळाली. साथीच्या बातम्या घाटाखालच्या होत्या. पण संशयाचे बोट रेशनच्या गव्हाकडे वळल्यावर हा विषय एका तालुक्याचा राहिला नाही. घाटावर, मेहकर तालुक्यातल्या डोणगावात रास्त भाव दुकानातून पिशवी घेऊन घरी जाणाऱ्या कुटुंबालाही तोच प्रश्न पडतो : गहू चांगला धुऊन, वाळवून दळला तर चालेल ना? उत्तर ‘नाही’ असे आहे. ते का, हे समजण्यासाठी बेकरीतल्या यीस्टवर झालेले काही जुने प्रयोग पाहावे लागतात.

प्रकरण काय होते?

सुरुवातीला बुरशीजन्य संसर्गाचा संशय आला. नंतर पाण्याकडे लक्ष गेले. खारपाणपट्ट्यातले पाणी आधीच बदनाम आहे आणि तपासणीत नायट्रेट व क्षारांचे प्रमाण जास्त आढळल्याने तोच दोषी असे अनेकांनी गृहीत धरले. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेसह केंद्राच्या पथकांनी गावांत येऊन रक्त, केस, पाणी, धान्य यांचे नमुने नेले. दरम्यान, विंचूदंशावरील संशोधनासाठी ओळखले जाणारे महाडचे पद्मश्री डॉ. हिम्मतराव बावस्कर यांनी स्वतंत्रपणे अभ्यास करून फेब्रुवारी २०२५ मध्ये निष्कर्ष मांडला. १८ गावांतील २७९ जणांना त्रास झाला, बाधितांच्या रक्तात, लघवीत आणि केसांत सेलेनियम नेहमीपेक्षा कित्येक पटींनी जास्त होते, जस्त कमी होते आणि मूळ कारण रेशनवर आलेला गहू हे आहे, असे त्यांचे म्हणणे होते. हा गहू पंजाबमधून आल्याचेही त्यांनी नमूद केले.

त्यांच्या अहवालातले दोन आकडे मात्र फारसे चर्चेत आले नाहीत. न धुतलेल्या गव्हात किलोमागे १४.५२ मिलिग्रॅम सेलेनियम होते. धुतल्यावर ते १३.६१ मिलिग्रॅमवर आले. म्हणजे धुण्याने जेमतेम सहा टक्के गेले, बाकी जिथल्या तिथे राहिले. सेलेनियम दाण्यावर बसलेली धूळ असती, फवारणीचा अंश असता किंवा पोत्यातून लागले असते, तर असे झाले नसते. ते दाण्याच्या आत होते. बाहेरून कोणी घातलेले नव्हते, गव्हाच्या रोपानेच मुळांतून उचलून, कणसात नेऊन, प्रथिनांत गुंफून ठेवलेले होते.

प्रमाण किती गंभीर, याचा हिशेब सोपा आहे. प्रौढ माणसाला दिवसाला साधारण ४० ते ५५ मायक्रोग्रॅम सेलेनियम पुरते आणि ४०० मायक्रोग्रॅम ही सुरक्षिततेची वरची मर्यादा मानली जाते. अन्न सुरक्षा कायद्यानुसार प्राधान्य कुटुंबातील माणशी महिन्याला ५ किलो धान्य मिळते. त्यातले फक्त २ किलो गहू धरले, तरी वरच्या प्रमाणाने रोज सुमारे ९७० मायक्रोग्रॅम सेलेनियम पोटात जाईल. सकाळ-संध्याकाळ पोळीच खाणाऱ्याने रोज ३०० ग्रॅम पीठ संपवले, तर आकडा ४,३०० मायक्रोग्रॅमच्या पुढे जातो.

रोप विष का उचलते?

झाडाचे मूळ म्हणजे नुसता शोषून घेणारा बोळा नव्हे. मुळाच्या प्रत्येक पेशीभोवती चरबीसारख्या पदार्थाचे पातळ पटल असते आणि पाण्यात विरघळलेले क्षार त्यातून सहजासहजी आरपार जात नाहीत. त्यांच्यासाठी पटलात जागोजागी प्रथिनांची दारे बसवलेली असतात. ढोबळमानाने ही दारे दोन जातींची. काही नळीसारखी : उघडली की योग्य आकाराचा कण आपोआप वाहत जातो. त्यांना चॅनेल प्रथिने म्हणतात. काही फिरत्या फाटकासारखी : एका बाजूने कण धरायचा, स्वतःचा आकार बदलायचा आणि दुसऱ्या बाजूला सोडायचा. ती वाहक प्रथिने. पोटॅशियम, नत्र, गंधक, पाणी, प्रत्येकाचे दार वेगळे, आणि बहुतेकांची एकापेक्षा जास्त. या नळ्यांचे महत्त्व इतके की पाण्याची चॅनेल शोधणारे पीटर ॲग्रे आणि पोटॅशियम चॅनेलची रचना उलगडणारे रॉडरिक मॅकिनन यांना २००३चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले.

दारावरचा पहारेकरी मात्र आकार आणि विद्युतभार पाहून ओळख पटवतो. सेलेनियम आवर्तसारणीत गंधकाच्या बरोबर खाली आहे. जमिनीत गंधक ज्या सल्फेट रूपात असते, त्याचा जुळा भाऊ शोभावा असे सेलेनियमचे रूप म्हणजे सेलेनेट. मूळ गंधक समजून त्याला आत घेते. आत गेल्यावरही चूक सुधारत नाही. गंधकापासून जी अमिनो आम्ले बनायची त्यांत सेलेनियम बसते आणि गव्हाच्या दाण्यात ते मुख्यतः सेलेनोमेथिओनिन या रूपात प्रथिनाचा भाग होऊन राहते. पाण्याने, उन्हाने, चाळणीने ते निघणार कसे? माणसाच्या शरीरातही हीच गफलत पुढे चालते. केस आणि नखे ज्या केरॅटिनची बनतात त्याचा भक्कमपणा गंधकाच्या बंधांवर अवलंबून असतो. सेलेनियमच्या अतिरेकात आधी केस आणि मग नखे जाण्यामागे हेच कारण सांगितले जाते.

हे कळले कसे?

मुळात अशी शेकडो दारे एकाच वेळी उघडझाप करत असतात. त्यातले नेमके कोणते सल्फेटचे आणि त्याच दारातून सेलेनेट जाते का, हे अख्ख्या रोपात पाहणे म्हणजे जत्रेत एकाच माणसाच्या पावलांचा आवाज ऐकण्यासारखे. दार एकटे वेगळे काढून दुसऱ्या साध्या भिंतीत बसवता आले, तरच ते तपासता येते. ही भिंत पुरवली यीस्टने.

पाव फुगवणारे हे यीस्ट म्हणजे एकपेशीय बुरशी. पण तिच्या पेशीची घडण जिवाणूपेक्षा गव्हाच्या किंवा माणसाच्या पेशीशी जास्त जुळते. केंद्रक आहे, पटले आहेत, प्रथिने घडवून पटलापर्यंत पोचवणारी यंत्रणा आहे. तिच्या जनुकांची संपूर्ण यादी १९९६ मध्येच हाती आली, सुमारे ६,००० जनुके. शिवाय ती दीड-दोन तासांत दुप्पट होते आणि साखरेच्या पाण्यावर वाढते. परक्या जिवाचे जनुक तिच्यात घातले, तर ती त्यानुसार प्रथिन बनवून देते. हे प्रयोगशाळेपुरते नाही : हिपॅटायटिस-बी लशीतले प्रथिन १९८६ पासून यीस्टमध्येच बनवले जाते आणि आपल्याकडे बाळांना दिल्या जाणाऱ्या पेंटाव्हॅलंट लशीत ती लस असते.

दारे शोधण्याची युक्ती याहून एक पाऊल पुढची आहे. आधी यीस्टचे स्वतःचे एखादे दार काढून टाकायचे. उदाहरणार्थ पोटॅशियमचे. असे यीस्ट पोटॅशियम मुबलक असेल तरच जगते, कमी असलेल्या खाद्यावर उपाशी मरते. मग वनस्पतीची हजारो जनुके वेगवेगळ्या पेशींत एकेक करून घालायची आणि सगळ्यांना कमी पोटॅशियमच्या थाळीत पसरायचे. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी थाळीवर पांढरे ठिपके उठतात. हे वाचलेले यीस्ट. त्यांना वाचवणारे जनुक म्हणजेच त्या वनस्पतीचे पोटॅशियमचे दार. महागडे यंत्र नाही, जगणे किंवा मरणे हाच निकाल. १९९२ मध्ये अमेरिका आणि फ्रान्समधल्या दोन गटांनी याच पद्धतीने मोहरीच्या कुळातल्या ॲराबिडॉप्सिस या रोपाची केएटी-१ आणि एकेटी-१ ही दोन पोटॅशियम चॅनेल शोधली. वनस्पतींमधल्या पोटॅशियम चॅनेलची हाती लागलेली ही पहिली जनुके.

सेलेनियमचीच कसोटी

गंधकाच्या दाराचा शोध तर सेलेनियमशिवाय लागलाच नसता, आणि बुलढाण्याच्या संदर्भात हा भाग सर्वांत बोलका आहे. ऑस्ट्रेलिया आणि ब्रिटनमधील शास्त्रज्ञांनी यीस्टला सेलेनेट घातलेल्या खाद्यावर वाढवले. जवळपास सगळे मेले, कारण सल्फेटच्या दारातून विष आत गेले. वाचले ते मोजके, ज्यांचे सल्फेटचे दारच नैसर्गिक बिघाडाने निकामी झाले होते. म्हणजे विषाला प्रतिकार करणारे यीस्ट खरे तर गंधकाबाबत लुळे होते. कमी सल्फेटच्या खाद्यावर ते वाढेना. या लुळ्या यीस्टमध्ये त्यांनी एका चारापिकाच्या मुळांतली जनुके घातली आणि जे यीस्ट पुन्हा वाढू लागले, त्यातून सल्फेट वाहकाची जनुके वेचली. १९९५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या कामातून तीन जनुके मिळाली. दोन मुळांत काम करणारी, अगदी विरळ सल्फेटही खेचून घेणारी. तिसरे मुख्यतः पानांतले, ढिल्या पकडीचे.

ते चारापीक कोणते? स्टायलो. बांधावर, पडीक जमिनीवर लावायला कृषी खाते सुचवते तेच, शास्त्रीय नाव स्टायलोसँथस हमाटा. डोणगाव परिसरातल्या पशुपालकाला हे नाव परके नाही. वनस्पतींमधील सल्फेट वाहकांची पहिली ओळख त्याच्या मुळांतून झाली. पुढे सातू, ॲराबिडॉप्सिस अशा अनेक वनस्पतींत याच कुळातले वाहक सापडले. सेलेनेट पचवणारी ॲराबिडॉप्सिसची रोपे तपासली, तेव्हा त्यांच्यातही मुळातला एक सल्फेट वाहकच बिघडलेला निघाला. यीस्टमध्ये दिसले ते रोपातही खरे ठरले.

सेलेनियमचे दुसरे रूप, सेलेनाइट, मात्र वेगळ्या वाटेने जाते. भाताच्या मुळात सिलिकॉन आत घेणारे एक चॅनेल २००६ मध्ये सापडले होते. ते पाण्याच्या चॅनेलच्या कुळातले. २००८ मध्ये त्यातूनच आर्सेनिक भातात शिरते हे कळले आणि २०१० मध्ये सेलेनाइटही. हे चॅनेल यीस्टमध्ये बसवल्यावर द्रावणाचा सामू ३.५ आणि ५.५ असताना यीस्टमध्ये सेलेनियम जास्त साठले, ७.५ असताना नाही. कारण आम्लधर्मी पाण्यात सेलेनाइटवरचा विद्युतभार कमी होतो आणि ते नळीतून सरकू शकते. पंजाबच्या ज्या पट्ट्यात सेलेनियम जास्त आहे तिथली जमीन अल्कधर्मी आणि हवा खेळती असणारी. तिथे सेलेनियम मुख्यतः सेलेनेट रूपात असते. म्हणजे तिथल्या गव्हाच्या बाबतीत संशयित दार सिलिकॉनचे नव्हे, गंधकाचे. प्रयोगशाळेतल्या थाळीवरचा हा फरक थेट उपायापर्यंत नेतो.

पंजाबमध्येच का?

नवांशहर आणि होशियारपूर जिल्ह्यांत शिवालिक टेकड्यांवरून पुराबरोबर वाहून आलेल्या गाळात सेलेनियम आहे. लुधियानाच्या पंजाब कृषी विद्यापीठाने तिथल्या जमिनी, पिके आणि जनावरे यांचा १९८०च्या दशकापासून अभ्यास केला आहे. जनावरांची शिंगे-खुर गळणे, केस झडणे ही लक्षणे तिथे जुनीच. राज्याच्या एकूण क्षेत्राच्या मानाने हा पट्टा छोटा आहे, त्यामुळे पंजाबचा सगळा गहू संशयित ठरवणे अन्यायाचे. पण एकत्रित खरेदीत एखाद्या कोपऱ्यातला गहू एकाच रेकमध्ये भरला जाऊन हजार-दीड हजार किलोमीटरवरच्या एकाच तालुक्यात उतरू शकतो, ही साखळीची खरी कमजोरी आहे. शेगावच्या गरीब घरात महिनाभर त्याच कट्ट्यातली पोळी असते.

जिप्सम, सुपर फॉस्फेट आणि उपाशी मूळ

सल्फेट आणि सेलेनेट एकाच दारात उभे राहत असतील, तर सल्फेटची गर्दी वाढवली की सेलेनेटला जागा कमी मिळणार. पंजाब कृषी विद्यापीठाच्या शेतांवरील प्रयोगांत नेमके हेच दिसले : जिप्सम, म्हणजे कॅल्शियम सल्फेट, टाकल्यावर पिकांतील सेलेनियम घटले. जिप्सम खारपाणपट्ट्यातल्या शेतकऱ्याला नवे नाही. तिथे ते चोपण जमीन सुधारण्यासाठी वापरतात. पंजाबात त्याच पोत्याचा उपयोग दाराशी स्पर्धा लावण्यासाठी होतो.

याची उलटी बाजू जास्त काळजीची आहे. गंधक कमी पडले की मूळ गप्प बसत नाही, ते सल्फेटची दारे वाढवते. भुकेलेले मूळ मग जमिनीत असलेले सेलेनेटही अधिक हावरेपणाने ओढते. आणि गंधकाची कमतरता आपण स्वतः ओढवून घेतली आहे. सिंगल सुपर फॉस्फेटच्या पोत्यात ११ टक्क्यांच्या आसपास गंधक असते, डीएपीमध्ये नसते. सोयाबीन हे तेलबियांचे पीक असल्याने त्याला गंधक लागतेच, तरी मेहकर-लोणार भागात पेरणीच्या वेळी रांगा लागतात त्या डीएपीसाठी. बुलढाण्याच्या काळ्या मातीत पंजाबसारखे सेलेनियम असल्याचे कोणी म्हणत नाही, त्यामुळे इथे हा विषबाधेचा मुद्दा नाही. तो उत्पादनाचा आणि तेलाच्या प्रमाणाचा आहे. पण ज्या जमिनीत सेलेनियम आहे तिथे खताची निवड ही अन्नसुरक्षेची बाब ठरते.

यीस्टवर किती विश्वास ठेवायचा?

यीस्टची साक्ष पुष्कळ सांगते, सगळे नाही. परके प्रथिन तिच्या पेशीत बनते, पण कधी ते पटलापर्यंत पोचतच नाही, आतच अडकते. शिवाय रोपात दार उघडण्या-मिटण्याचा हुकूम देणारी दुसरी प्रथिने असतात, ती यीस्टमध्ये नसतात. गव्हाच्या मुळातले एचकेटी-१ हे १९९४ मध्ये यीस्टच्याच मदतीने सापडले आणि पोटॅशियमचे दार म्हणून नोंदले गेले. पुढे रोपांत पाहिल्यावर त्याचा संबंध मुख्यतः सोडियमशी, म्हणजे मिठाशी, असल्याचे समोर आले. नाव चुकीचे चिकटले, पण शोध वाया गेला नाही. याच कुळातले एक जनुक जुन्या रानटी जातीच्या नातलग गव्हातून नेहमीच्या संकराने बन्सीच्या कुळातल्या ड्युरम गव्हात आणले गेले आणि खाऱ्या जमिनीत उत्पादन २५ टक्क्यांपर्यंत वाढल्याचे ऑस्ट्रेलियात २०१२ मध्ये दिसून आले. पूर्णेच्या खोऱ्यातल्या खारपाणपट्ट्यासाठी संशोधन करायचे असेल, तर दिशा ही आहे.

म्हणून आता नियम असा की यीस्टमध्ये दिसलेले काम बेडकाच्या अंड्यात विद्युतप्रवाह मोजून पडताळायचे, मग ते जनुक बंद केलेल्या रोपात पाहायचे. तिन्हींची साक्ष जुळली की दाराचे नाव पक्के. सल्फेट वाहक आणि सेलेनेट यांच्या बाबतीत यीस्ट आणि रोप यांची साक्ष जुळलेली आहे. त्यावर शंका घेण्याचे कारण उरत नाही.

मग रेशनच्या गव्हाचे काय?

सरकारी खरेदी केंद्रावर गव्हाचा ओलावा मोजतात. १२ टक्क्यांपर्यंत पूर्ण भाव, १४ टक्क्यांपर्यंत कपात. माती-खडे, इतर धान्य, खराब दाणे, आकसलेले व तुटलेले दाणे, किडलेले दाणे, हे निकष आहेत. सगळे डोळ्यांना दिसणारे किंवा साध्या यंत्रावर कळणारे. सेलेनियमने भरलेला दाणा या सगळ्या परीक्षांत पहिल्या वर्गात पास होतो : भरदार, कोरडा, स्वच्छ. त्याचा रंग बदलत नाही, किडका वास येत नाही. ग्राहकाने पारखून घ्यावे, दुकानदाराने चाळून द्यावे, ही भाषा इथे निरुपयोगी आहे. मूलद्रव्ये मोजणारे प्रयोगशाळेतले यंत्रच ते पकडू शकते.

प्रत्येक पोते तपासणे शक्य नाही आणि गरजही नाही. सेलेनियमयुक्त पट्ट्यांचे नकाशे पंजाबकडे आहेत. त्या तालुक्यांतल्या खरेदी केंद्रांवरचा साठा वेगळा नोंदवून त्याचे नमुने तपासले आणि जास्त प्रमाण निघालेला गहू इतर गव्हात पुरेसा मिसळला किंवा माणसांच्या ताटाबाहेर ठेवला, तरी धोका बराच कमी होतो. सेलेनियम कमी असलेल्या देशांत तर ते मुद्दाम खतातून देतात. फिनलंडमध्ये १९८०च्या दशकापासून तसे केले जाते. म्हणजे जास्तीचे सेलेनियम हा मुख्यतः चुकीच्या ठिकाणी, एकाच वेळी, एकाच घरात साचण्याचा प्रश्न आहे, आणि तो वाटपाच्या टप्प्यावर सुटू शकतो.

केंद्रीय आरोग्य व कुटुंब कल्याण राज्यमंत्री प्रतापराव जाधव हे बुलढाण्याचेच खासदार, मूळचे मेहकर तालुक्यातले. खरेदीचे निकष मात्र अन्न मंत्रालय ठरवते आणि साठा भारतीय अन्न महामंडळाकडे असतो. डोणगावच्या दुकानात पोते उघडेपर्यंत गहू या दोन्ही ठिकाणांहून पुढे आलेला असतो. तोवर त्यात काय आहे हे कळण्याची ग्राहकाकडे कोणतीही सोय नाही. एखाद्या घरात दोघा-तिघांचे केस एकाच आठवड्यात मुठीने येऊ लागले, तर तेल किंवा शाम्पू बदलण्याआधी पीठ बदलावे, प्राथमिक आरोग्य केंद्रात कळवावे आणि त्या कट्ट्यातला किलोभर गहू तपासणीसाठी न धुता बाजूला ठेवावा.